नाल्याच्या अलीकडे

राजपत्रात छापलं होतं : मौजा धानखेड, उत्तरेस नाला.
कोणता नाला, ते छापलं नव्हतं.

नकाशातला नाला अजून इंग्रजाच्या काळात वाहतो.
खरा नाला तीन पुरांत सरकत सरकत
कुबड्यांच्या वाडीमागून निघून गेला.
मोजणीवाल्यानं तिपाई रोवली, एक डोळा मिटला,
म्हणाला, "नकाशा चुकत नसते. पाणी चुकते."

मग चुन्याची रेघ निघाली.
शाळेच्या पटांगणातून, हातपंपाच्या ओट्यावरून,
उकंडा भोयरच्या घरात समोरच्या दारानं शिरली,
मागच्या दारानं निघाली, चहा न घेता.
चूल नगरपरिषदेत, गोठा ग्रामपंचायतीत.
उकंडा म्हणे, "म्हैस खेड्यात राह्यते
अन् दूध शयरात तापते.
भाव कोनता लावू, बाप्पा?"

मी बावीस वर्षं या पंचायतीचा लिपिक.
चार्ज देताना यादी केली :
नमुना आठच्या वह्या एकोणतीस, उंदरांनी खाल्लेली आणखी एक,
दवंडीची डफडी, कातडं सैल,
लोखंडी कपाट, किल्ली नाही,
खुर्च्या सात, त्यातल्या एकीलाच हात आहेत.
नगरपरिषदेच्या बाबूनं खुर्च्यांवर बोट ठेवून ठेवून मोजल्या.
मग विचारलं, "आणि गाव?"
मी खिडकीकडे पाहिलं.
"तसं नाही हो. कागदावर."

सगळ्यात आधी हद्दीत गेली मौजा कवठा रिठी.
पटकीच्या साथीत उठलेलं गाव.
मारोती, एक चिंच
आणि नांगराला लागणारी खापरं, एवढीच पांढरी उरली.
दर शिरगणतीत लोकसंख्या शून्य.
इतकं इमानदार गाव मी दुसरं पाहिलं नाही.
आता ते प्रभाग अकरा.
मारोतीसमोर खांब आला, दिवा लागला,
रात्रभर जळतो.
रानडुकरं उजेडात चिंचा वेचतात.

आमच्या साडेचारशे घरांचं अजून ठरत नाही.
अर्धं गाव म्हणतं आम्ही आत, अर्धं म्हणतं बाहेर,
घरपट्टी आली की दोन्ही अर्धी जागा बदलतात.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी शेवंता नगराळे गेली.
खाट पडवीत होती, रेघेवर आडवी,
डोकं शहराकडे, पाय गावाकडे.
नगरपरिषद म्हणाली, ग्रामपंचायतीत जा.
ग्रामपंचायत म्हणाली, शिक्का जमा झाला.
पोळा गेला, दसरा गेला,
मिलिंदच्या चपलेचा अंगठा तुटला.
माझ्या ओट्यावर बसून म्हणे,
"बाबू, जीव कुठून जाते?
डोक्यातून का पायातून, तेवढं लिहून द्या.
म्हंजे मी त्या हापिसात जातो."

कोतवाल बुक मी चार्जात दिलं नव्हतं.
यादीत लिहायचं राहिलं.
राहिलं म्हणजे, मी राहू दिलं.
पानं पापडासारखी, मोडी-बाळबोध मिसळलेलं.
तिसऱ्या संध्याकाळी ती सापडली, नावाशिवाय :
"सोमा नगराळे यास मुलगी झाली.
ठिकाण : नाल्याच्या अलीकडे."

मी कोरा कागद घेतला.
शेवंता सोमा, मयत, वय अंदाजे.
ठिकाण : नाल्याच्या अलीकडे.
शिक्क्याच्या जागी सही केली, जरा मोठी.
बाबूनं कागद वाचला, उलटून पाहिला, पुन्हा वाचला,
म्हणाला, "चालेल."
का चालेल, ते मी विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात शेवंताच्या नावानं
घरपट्टीची मागणी आली.
दोन.